गेटच्या आतली नोकरी

सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या एचआर विभागात मी बरीच वर्षे काम करते आहे. नोकरीसाठी आलेले अर्ज प्रथम माझ्या टेबलावर येतात आणि त्यांतला माजी सैनिकाचा अर्ज मला नाव वाचण्याआधीच ओळखू येतो. एकच पान असते. वर उजव्या कोपऱ्यात गणवेशातला फोटो, खाली जन्मतारीख, दहावी-बारावीचे गुण आणि मग एक ओळ: भारतीय सैन्यात सतरा वर्षे सेवा, हुद्दा हवालदार. त्याखाली पदकांची नावे असतात, जी वाचून आमच्याकडे कोणालाही काही बोध होत नाही. शेवटी ठरलेला मजकूर येतो की मी प्रामाणिक, शिस्तप्रिय व कष्टाळू असून दिलेली जबाबदारी निष्ठेने पार पाडीन. सतरा वर्षांच्या कामाला एक ओळ आणि प्रामाणिकपणाला दोन, हा हिशेब मला नेहमीच उलटा वाटत आला आहे.

सांगोला, मंगळवेढा, माढा, करमाळा, मोहोळ अशा तालुक्यांतून हे अर्ज येतात. शिपायाला निवृत्तिवेतनासाठी किमान पंधरा वर्षे सेवा लागते, त्यामुळे विशीच्या आत भरती झालेला मुलगा पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुले शाळेत असतात, घराचे कर्ज असते, शेतीत पाण्याचा भरवसा नसतो आणि पुढची वीस वर्षे काम करण्याची ताकद अंगात असते. म्हणजे त्याची ही नोकरी निवृत्तीनंतरचा विरंगुळा नसून आयुष्याचा दुसरा अर्धा भाग असतो. आणि तो अर्धा भाग बहुतेकांच्या बाबतीत कारखान्याच्या गेटवर, रजिस्टर आणि शिट्टी घेऊन सुरू होतो. आमच्या गेटवरच्या माणसाला सगळे कामगार ‘मेजर’ म्हणून हाक मारतात, येता-जाता आदराने नमस्कारही करतात. पण त्या आदरामुळे त्यांना गेटच्या आतले काम कोणी देऊ केले, असे मी पाहिलेले नाही.

गेटवरचे काम हलके आहे, असे मला म्हणायचे नाही. ते जबाबदारीचेच काम आहे. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 साली झालेल्या कायद्यातही सुरक्षारक्षक नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे, आणि पुण्याचे मेस्को, म्हणजे माजी सैनिकांचे राज्य महामंडळ, हे काम अनेकांना मिळवून देते. ज्याला तेच हवे आहे त्याने ते अवश्य करावे. माझी तक्रार आहे ती अर्जाबद्दल. ज्या माणसाने आयुष्यभर भांडार सांभाळले, वाहने दुरुस्त केली, रुग्णांची शुश्रूषा केली, तोसुद्धा अर्जात फक्त शिस्त आणि प्रामाणिकपणा लिहितो. आणि हे दोन गुण वाचले की नोकरी देणाऱ्याच्या मनात एकच जागा उभी राहते. कागदावर कामच नसेल तर वाचणारा स्वभावावरून जागा ठरवणार. त्यात त्याचा फार दोष आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

सोलापूरची अडचण याहून थोडी वेगळीही आहे. पुणे, देवळाली किंवा अहिल्यानगर इथे लष्कर शेजारी राहते. तिथल्या दुकानदारालाही सुभेदार कोण, नायक कोण, ईएमई म्हणजे लष्कराची वाहने-यंत्रे दुरुस्त करणारी शाखा, हे कानावरून माहीत असते. आमच्याकडे चादरी आणि टॉवेल, गणवेश शिवणारे कारखाने, साखर कारखाने, रुग्णालये, वाहतूकदार, फताटेवाडीचे औष्णिक वीज केंद्र असा सारा पसारा आहे. लष्कर मात्र इथल्या रोजच्या व्यवहारात नाही. आमच्या मालकांना सुताचा नंबर बोटांनी चाचपून सांगता येतो, पण सीक्यूएमएच म्हणजे काय हे विचारले तर ते तो एखाद्या संगणक अभ्यासक्रमाचा प्रकार समजतील. हसू येते खरे, पण अशाच एका अक्षरसमूहामागे माझ्या आतेभावाच्या नोकरीतली शेवटची काही वर्षे लपलेली होती.

दादा पायदळातून हवालदार म्हणून परत आला तेव्हा त्याचा अर्जही वर वर्णन केला तसाच होता, जिल्हाधिकारी कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेला. तो घेऊन तो आमच्या घरी आला आणि म्हणाला, "कुठंतरी सुपरवायझर म्हणून बघ की." मी विचारले, "कशाचा सुपरवायझर?" त्याला ते सांगता येईना. मग मी त्याला शेवटच्या पोस्टिंगमध्ये सकाळी उठल्यापासून काय करत होता ते सांगायला लावले. "त्यात काय सांगायचं? रोजचंच काम होतं," असे म्हणत त्याने जे सांगितले ते ऐकायला आम्ही रात्रीचे जेवण आटोपल्यावरही बसून होतो.

तो कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होता. शंभरावर माणसांच्या कंपनीचा शिधा, रॉकेल, कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी हे सगळे त्याच्या ताब्यात असे. ठाणे उंचावरचे होते. तिकडे झोजिलासारख्या खिंडी आणि त्यापलीकडचे रस्ते बर्फाने बंद होण्याआधी, उन्हाळ्याच्या दिवसांतच पुढच्या ठाण्यांचा हिवाळ्याचा सगळा साठा वर चढवावा लागतो. लष्करात त्याला ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात. ट्रक जाईल तिथवर ट्रकने, त्यापुढे खेचरांवर आणि पोर्टरांच्या पाठीवर माल जातो. एकदा रस्ता बंद झाला की विसरलेली वस्तू वसंतात रस्ता उघडेपर्यंत मिळण्याची खात्री नसते. म्हणून मे-जूनमध्येच त्याला ठरवावे लागे की डिसेंबरात किती माणसे जेवायला असतील, किती रजेवर असतील, गस्तीवर आलेल्या दुसऱ्या तुकडीची चार दिवसांची भर कुठे धरायची. जेवणाऱ्यांच्या या संख्येला ते फीडिंग स्ट्रेंथ म्हणतात आणि ती रोज बदलते. बटाटा गोठला की कुजतो, आट्याला ओल लागली की गाठी होतात, म्हणून पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचायची आणि जुना माल आधी काढता यावा म्हणून नवा माल मागे लावायचा. रॉकेलच्या जेरीकॅनला बारीक गळती असेल तर ती वासाने कळते, पण थंडीत वासही कमी येतो, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक कॅन हाताने उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. हे सांगताना त्याने आमच्या स्वयंपाकघरातला तेलाचा डबा उचलून दाखवला आणि त्यात किती तेल उरले आहे ते सांगितले. त्याची बायको म्हणाली, "घरी आल्यापासून हेच चाललंय, रोज डबे उचलून बघतात."

त्यानंतर मी चार्जबद्दल विचारले, कारण भांडारातल्या माणसाची खरी परीक्षा तिथे होते. लष्करात भांडार एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना प्रत्येक वस्तू मोजून, खात्यातल्या आकड्याशी ताडून, दोघांच्या सह्यांनी दिली-घेतली जाते. कमी भरली तर तिचे कारण लेखी द्यावे लागते आणि हलगर्जी ठरली तर वसुली होते. वरिष्ठांचे मंडळ ठरावीक काळाने येऊन साठ्याची तपासणी करते ती वेगळीच. दादाच्या काळात एकदाही तूट निघाली नव्हती. ही गोष्ट त्याने अर्जात लिहिली नव्हती, इतकेच नव्हे तर ती लिहिण्यासारखी आहे हेही त्याला पटत नव्हते. तूट न निघणे हे त्याच्या लेखी कर्तृत्व नव्हतेच, तसे व्हायलाच हवे होते. आमच्या कारखान्यात रंग-रसायनांच्या साठ्याचा हिशेब वर्षअखेरीला जुळला तर संचालक पेढे वाटतील.

मग आम्ही अर्ज नव्याने लिहिला. हुद्दा खाली गेला आणि काम वर आले. शंभराहून अधिक माणसांच्या शिधा, इंधन व वस्त्रांच्या भांडाराची पूर्ण जबाबदारी. अनेक महिने पुरवठा बंद राहणाऱ्या दुर्गम भागात आगाऊ साठ्याचे नियोजन. खातेवही, पावत्या व नियमित मोजणी. तपासणीत तूट नाही. हाताखालच्या माणसांना कामाचे वाटप. हे वाचल्यावर कोणत्याही स्टोअर मॅनेजरला पुढे काय विचारायचे ते समजते, आणि अर्जाने एवढेच काम करायचे असते. ठाण्याचे नाव, नेमकी ठिकाणे, शस्त्रांचा किंवा मोहिमांचा उल्लेख आम्ही कटाक्षाने टाळला. काही माजी सैनिक मुलाखतीत भारावून जाऊन नको तेवढे सांगतात, तर काही गोपनीयतेच्या धाकाने काहीच सांगत नाहीत. आट्याची पोती कशी रचली हे गोपनीय नसते, ती कुठल्या शिखरावर रचली हे सांगण्याची मालकाला गरज नसते. एवढा विवेक ठेवला की बहुतेक गोष्टी निर्धास्तपणे सांगता येतात.

हा अर्ज जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या स्टोअर विभागाकडे गेला. मुलाखतीत तिथल्या साहेबांनी विचारले की बर्फातल्या शिध्याचा आणि साखर कारखान्याचा काय संबंध. दादाने उलट विचारले, "साहेब, गाळप चालू असताना एखादं बेअरिंग नसलं तर काय होतं?" साखर कारखान्याच्या माणसाला याचे उत्तर झोपेतही ठाऊक असते. मिल थांबते, तोडलेला ऊस बैलगाड्यांत आणि ट्रॉलीत वाळतो, साखरेचा उतारा घसरतो आणि शेतकरी कार्यालयात येऊन बसतात. बॉयलरचे अग्निप्रदीपन होण्याआधी, पावसाळ्याच्या महिन्यांत दुरुस्ती उरकायची, चुना, गंधक, पोती, सुटे भाग भरून ठेवायचे आणि मोळी टाकून गाळप सुरू झाल्यावर महिनोन् महिने काही कमी पडू द्यायचे नाही, हे त्या भांडाराचे वर्षभराचे काम. दादाने ते कधी केले नव्हते, तरी त्या कामाची घडण त्याच्या हाताला माहीत होती. त्याला सहायक म्हणून घेतले.

सगळ्यांचे काम इतके सोपे जात नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या हाती ठरावीक ट्रेड, म्हणजे लष्करात शिकलेले एखादे विशिष्ट काम, असतो त्यांची वाट त्यातल्या त्यात सरळ. सिकंदराबादच्या ईएमई सेंटरमधून शिकलेला वाहन मेकॅनिक, सिग्नल्सचा, म्हणजे संदेशवहनाचा ऑपरेटर, युनिटच्या कार्यालयातला क्लार्क यांच्या डिस्चार्ज बुकात ट्रेडची नोंद असते, आणि लष्करी ट्रेड नागरी क्षेत्रातल्या कोणत्या ट्रेडच्या बरोबरीचा मानावा याची यादी संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाने प्रसिद्ध केलेली आहे. ती यादी अर्जाला जोडावी, असे मी प्रत्येकाला सांगते, कारण आमच्यासारख्या कार्यालयात कोणी ती आपण होऊन शोधणार नाही. चालकांनी तर केवळ ‘ड्रायव्हर’ लिहून थांबू नये. कोणती वाहने, किती टनांची, घाटात की वाळूत, ताफ्यात की एकट्याने, अपघात झाला की नाही, हे लिहिले तर पुणे-हैदराबाद महामार्गावर गाड्या पळवणारा वाहतूकदार त्याला लगेच बोलावतो. मात्र परिवहन कार्यालयाचा अवजड वाहनाचा परवाना हाती असावा लागतो आणि तो घरी येण्याआधीच करून घेतलेला बरा. नर्सिंग असिस्टंट म्हणून काम केलेल्यांची परिस्थिती सर्वांत अवघड. त्यांनी पाहिलेल्या जखमा आमच्या शहरातल्या कित्येक परिचारकांनी पाहिलेल्या नसतात, तरीही रुग्णालय नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मागणी करणार, आणि ती चूक आहे असे म्हणता येत नाही. अशांना मी कारखान्यातल्या प्रथमोपचार केंद्राकडे किंवा रुग्णवाहिका सेवेकडे वळवते.

आणि ज्यांच्या पुस्तकात केवळ ‘जनरल ड्यूटी’ लिहिलेले असते, त्यांचे काय? पायदळातला साधा सैनिक समोर बसतो आणि म्हणतो, "मॅडम, मला तर काही येत नाही, मी जीडी होतो." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता मी त्यावर वादच घालत नाही, थेट प्रश्न विचारते. सेक्शन सांभाळला का? म्हणजे दहा माणसे. रात्रीच्या पहाऱ्याची पाळी कोण लावत होते? एकाच वेळी तिघांनी गणपतीची रजा मागितली तर काय करत होतात? नवीन मुलाला घरची आठवण येऊन तो जेवत नसेल तर ते कोणाच्या लक्षात यायचे? यावर जी उत्तरे येतात ती आमच्या पाळीप्रमुखांना ऐकवावीत अशी असतात. मागे एका हवालदारांना आमच्या उत्पादन व्यवस्थापकांनी थोडे खोचकच विचारले, की इथले कामगार हुकूम ऐकणारे नाहीत, युनियन आहे, तुम्ही काय करणार? ते शांतपणे म्हणाले, "साहेब, हुकुमावर परेड होते. रात्री दोन वाजता थंडीत माणूस पहाऱ्याला उठतो तो हुकुमावर नाही उठत. त्याच्या आईचं ऑपरेशन कधी आहे ते मला माहीत असतं, म्हणून उठतो." आज ते आमच्या विणकाम विभागात रात्रपाळीला आहेत. तेलुगू बोलणाऱ्या जुन्या कामगारांशी त्यांचे कसे जमेल अशी मला धास्ती होती. पण युनिटमध्ये तऱ्हेतऱ्हेच्या भाषा बोलणाऱ्यांबरोबर आयुष्य काढलेला माणूस तो, महिन्याभरात कामापुरती तेलुगू बोलू लागला.

मुलाखतीतली खरी अडचण मात्र वेगळीच असते. सैनिक स्वतःबद्दल बोलत नाही. काय केले विचारले तर युनिटने केले, कंपनीने केले, साहेबांच्या मार्गदर्शनाखाली झाले असे सांगतो, आणि हे खोट्या नम्रतेने नव्हे, त्याला तसेच शिकवलेले असते व त्याचे ते खरेच मतही असते. समोरचा मात्र असा विचार करतो की या माणसाने स्वतः काहीच केलेले नाही. त्यातच तो खुर्चीच्या टोकावर ताठ बसतो, प्रत्येक प्रश्नाला "येस सर" म्हणून थांबतो. आमच्या एका संचालकांना हे फार आवडते. मला ते धोक्याचे वाटते, कारण अशा मुलाखतीतून माणूस गेटवर जातो किंवा घरी जातो. मी त्यांना आधी बाहेर बोलावून, चहा घेता घेता एवढेच सांगते, की एखाद्या दिवशी काय बिघडले आणि तुम्ही स्वतः काय केले ते सांगा, श्रेय कोणाला द्यायचे ते नंतर ठरवू.

पगाराचा विषय निघाला की मला राग आवरत नाही. "पेन्शन येतेच की, थोडक्यात भागेल त्यांचं," हे वाक्य मी अनेक मालकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते बोलणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. निवृत्तिवेतन हे झालेल्या सेवेचे देणे आहे. ते सरकारने द्यायचे आणि त्याची सूट कारखान्याने घ्यायची, हा कुठला न्याय? माझा सल्ला असा की अर्जात पेन्शनचा उल्लेखच करू नये आणि विचारले तर पदाच्या पगाराबद्दलच बोलावे.

सरकारी नोकरीचा मार्ग वेगळा आहे. तिथे राज्यात माजी सैनिकांसाठी 15 टक्के समांतर आरक्षण आहे, आणि दहावी झालेल्या व पंधरा वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या, तांत्रिक अनुभव न लागणाऱ्या पदांसाठी पदवीधराप्रमाणे अर्ज करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याची माहिती मिळते. पण या सवलतीचा कागद खाजगी कारखान्यात सर्वांत वर लावून काही उपयोग होत नाही. तिथे काम विचारतात.

हा प्रश्न आता आणखी तरुण मुलांचा होतो आहे. अग्निपथ योजना 14 जून 2022 रोजी जाहीर झाली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होणार आणि बाकीचे सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख रुपये घेऊन, निवृत्तिवेतनाविना घरी येणार. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026-27 च्या हिवाळ्यात भरतात. ही मुले बावीस-पंचविशीची असतील. त्यांची तुलना पन्नाशीच्या सुरक्षारक्षकांशी नव्हे, आयटीआय करून आलेल्या त्यांच्याच वर्गमित्रांशी होईल, ज्यांच्याकडे यंत्रावरचा तेवढ्याच वर्षांचा अनुभव असेल. त्यांना कौशल्याचे प्रमाणपत्र मिळेल, पण त्यावर ट्रेडचे नाव असेल, काम असणार नाही. म्हणून सेवेत असतानाच त्यांनी एक साधी वही घालावी असे मला वाटते: कोणते यंत्र हाताळले, कशाचा हिशेब ठेवला, कोणाला शिकवले. गोपनीय काही नको, फक्त कामाचा प्रकार आणि तारखा. दादाला ते सारे आठवून सांगावे लागले होते, आणि सगळ्यांची स्मरणशक्ती आणि मामेबहीण सारखी नसते.

आमच्या कारखान्याच्या अर्जाच्या नमुन्यात मी व्यवस्थापनाच्या मागे लागून थोडी जागा वाढवून घेतली आहे. माजी सैनिकांनी शेवटच्या दोन वर्षांतले रोजचे काम आपल्या शब्दांत लिहावे, अशी सूचना तिथे छापली आहे. अर्ज दोन पानी झाला म्हणून छपाईच्या खर्चावरून कुरकुर झाली, ती मी ऐकून घेतली. बहुतेक जण ती जागा अजूनही कोरीच ठेवतात किंवा तिथे पुन्हा शिस्त आणि प्रामाणिकपणा लिहितात. अशा वेळी मी पेन घेऊन त्यांच्यासमोर बसते, सकाळपासून विचारायला लागते आणि ते सांगतील तसे स्वतः भरून काढते.